निसर्गफेरीची भेट गेटवर नको, वस्तीत ठेवा

वस्तीतल्या कुटुंबांना मोफत निसर्गफेरीला बोलावलं. नावं ४० आली, पण बोरिवलीच्या नॅशनल पार्कच्या गेटवर सकाळी पोचली ४ घरं. एका आईने नंतर सांगितलं, ‘ताई, पोरं घेऊन एकटीने तिथवर यायचा धीर होत नाही.’ तेव्हापासून आम्ही असं करतो:

१. अंगणवाडीपाशी जमायचं. तिथून सगळे मिळून बस-लोकलने निघायचं, तिकिटं आपणच काढायची.

२. निरोपात ‘ट्रेक’ लिहू नका. ‘दोन तास सावलीतून फिरणं, रोजची चप्पल चालेल, आजी आणि तान्हं बाळही चालेल, संडासाची सोय आहे’ असं लिहा. संडासाचं आधी बघून ठेवा. बायका यायचं की नाही ते बहुतेकदा त्यावरच ठरवतात, आणि विचारायला संकोचतात.

३. पहिली फेरी जवळचीच. धारावीकरांना महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे, मिठी नदीलगत, जुन्या कचराभूमीवर वाढवलेलं. गाइडने झाडांची गावाकडची नावं आज्यांना विचारावीत. मग सगळेच बोलू लागतात.

नॅशनल पार्क सोमवारी बंद असतं. आणि तिथे खाऊ हातात धरून चालू देऊ नका, माकडं झडप घालतात.