आर्चटॉप गिटार कशी घडवावी आणि तिचा आवाज कसा जुळवावा

नेहमीच्या अकूस्टिक गिटारीत ब्रिज (तारा टेकणारी घोडी) तबलीला, म्हणजे पेटीच्या वरच्या फळीला, चिकटवलेला असतो आणि तारा त्याला ओढतात. आर्चटॉपचा, म्हणजे घुमटाकार तबलीच्या गिटारीचा, ब्रिज तंबोऱ्याच्या घोडीसारखा नुसता तारांच्या दाबावर उभा असतो. तारा त्याच्यावरून जाऊन मागे टेलपीसला (तारा धरणाऱ्या पट्टीला) अडकतात आणि त्याला खाली दाबतात. हा दाब पेलण्यासाठी तबली व्हायोलिनसारखी घुमटाकार कोरायची. अमेरिकेतल्या कॅलमझू गावी ऑर्व्हिल गिब्सन यांनी १८९०च्या दशकात अशी कोरीव वाद्यं घडवायला सुरुवात केली. पुढे गिब्सन कंपनीत वाद्यांची रचना करणाऱ्या लॉईड लोअर यांच्या काळात कंपनीच्या एल-५ गिटारीला एफ-होल्स, म्हणजे व्हायोलिनसारखी f आकाराची भोकं, आली. खालची मापं तशाच १६ इंच रुंद गिटारीची आहेत.

लाकूड आणि हवा

तबलीला स्प्रूस, पाठ, बाजू आणि दांडी मेपलची. तबलीसाठी एकाच ठोकळ्याचे, पुस्तकासारखे उघडणारे दोन तुकडे घ्या: २२ इंच लांब, साडेआठ इंच रुंद, सांध्याच्या कडेला २५ मिमी जाड. टोकाकडून पाहिल्यावर रेषा उभ्या दिसल्या पाहिजेत. सांध्याला सरस किंवा कडक सुकणारा पिवळा ग्लू वापरा; साधा पांढरा ग्लू सततच्या ताणाखाली हळूहळू सरकतो. हवेतली आर्द्रता ४५ ते ५० टक्के असताना चिकटवा. मुंबई-कोकणात पावसाळ्यात फुगलेलं लाकूड जोडलंत, तर कोरड्या हवेत ते आक्रसून तबलीला चीर पडते.

कोरणी

आधी बाहेरचा घुमट पुठ्ठ्याचे साचे लावून कोरा, उंची साधारण १८ मिमी. मग तबली उलटी करून स्टॉप लावलेल्या ड्रिलने आतून भोकं पाडा, खाली ७ मिमी लाकूड राहील इतकीच खोल. भोकांचा तळ दिसेपर्यंत गोल पटाशीने काढा, नंतर छोटा बाकदार रंधा आणि स्क्रेपर. शेवटी जाडी मध्यभागी ६ मिमी, कडेकडे ४, आणि कडेपासून २० ते २५ मिमी आत जो उलटा बाक असतो तिथे ३. दर थोड्या वेळाने कॅलिपर लावा.

सगळा आवाज या उलट्या बाकात आहे. तिथे लाकूड जाड राहिलं की तबली हलत नाही आणि आवाज नाकातून आल्यासारखा येतो. अशा वेळी हात मध्यभाग पातळ करायला जातो. तो आवरा, नाहीतर वर्षभरात ब्रिजखाली तबली खचेल.

एफ-होल्स कापल्यावर आतल्या दोन पट्ट्या बसवा. समांतर पट्ट्यांनी आवाज टोकदार आणि दूरवर जाणारा होतो, एक्स आकाराच्या पट्ट्यांनी जास्त गोल आणि रेंगाळणारा. तबलीला आतून खडू चोळा, पट्टी दाबून थोडी घासा. पट्टीवर जिथे पांढरं उठेल तेवढंच तासा. पहिल्यांदा दोन-तीन ठिपके येतात. पांढरी रेघ टोकापासून टोकापर्यंत अखंड उमटली की काम झालं. फट क्लॅम्पने दाबून चिकटवलीत, तर पट्टी एक दिवस सुटून करकरते.

बाजू २ ते २.३ मिमी जाडीच्या ठेवून गरम पाइपावर वाकवायच्या. दांडीचा कोन मात्र मनापासून जमवा: फ्रेटवर ठेवलेली सरळ पट्टी ब्रिजच्या जागी तबलीपासून सुमारे २५ मिमी उंच गेली पाहिजे. ब्रिज यापेक्षा फार ठेंगणा झाला तर दाब कमी आणि आवाज मरतुकडा. फार उंच झाला तर तबली गुदमरते.

ब्रिज

पॉलिश पेपर खरखरीत बाजू वर करून तबलीवर टेपने चिकटवा आणि ब्रिजचे पाय तारांच्या दिशेने घासा, आधी १२० मग २२० नंबरवर. पायाखाली कागदही सरकता कामा नये. साडेपंचवीस इंची स्केलला (तारेच्या वाजणाऱ्या लांबीला) बाराव्या फ्रेटपासून ३२६ मिमीवर ब्रिज उभा करून तारा चढवा. बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर तिथल्याच हार्मोनिकपेक्षा (तार न दाबता, नुसतं बोट टेकवून काढलेल्या सुरापेक्षा) चढा लागला तर ब्रिज मागे, उतरा लागला तर पुढे. तारा एकेक करूनच बदला, सगळ्या काढल्या की ब्रिजची जागा गेली. सुरात लावताना ब्रिज दांडीकडे झुकतो. रोज बघून सरळ करा.

आवाजाशी जुळवून घेताना

सपाट तबलीची सवय असलेल्याला हा आवाज पहिले काही दिवस कोरडा वाटतो. सूर झटकन उठतो आणि लवकर विझतो. हा दोष नाही. काउंट बेसी यांच्या जॅझ ऑर्केस्ट्रात गिटारवादक फ्रेडी ग्रीन यांची गिटार पितळी वाद्यांमधून ऐकू येई, ती याच गुणामुळे. आवाज पुढे फेकला जातो, म्हणून वाजवणाऱ्यालाच तो कमी पोचतो. भिंतीकडे तोंड करून वाजवा किंवा दोन मीटरवर फोन ठेवून रेकॉर्ड करा, आणि मगच मत बनवा.

सगळ्यात बारीक तार ०.०१२ इंचाची असलेला ब्राँझ तारांचा संच, एक मिमीपेक्षा जाड पिक, बाराव्या फ्रेटवर जाड तार २.४ आणि बारीक तार १.८ मिमी उंच, एवढ्यावर सुरुवात करा. आवाज दबलेला वाटला तर टेलपीस थोडं उचला, म्हणजे दाब घटेल. टेलपीस आणि ब्रिजमधल्या तारा झणझणत असतील तर त्यांत फेल्टची पट्टी ओवा.

पहिल्याच दिवशी ब्रिजजवळ घुमटाची उंची मोजून लिहून ठेवा. तीन महिन्यांनी ती दीड-दोन मिमीने उतरलेली दिसली, तर तारा लगेच हलक्या करा.