आधी धक्का, मग केबिन: गटाने मासेमारीला जाताना तळ्याकाठचं रिसॉर्ट कसं निवडावं

रिसॉर्टच्या जाहिरातीत फोटो असतात ते केबिनचे: लाकडी ओसरी, खिडकीतून दिसणारं पाणी, शेकोटी. सहलीचा निकाल मात्र धक्क्यावर लागतो. होड्या किती आहेत, कशा आहेत, वाऱ्याच्या कुठल्या बाजूला बांधल्या आहेत आणि धक्क्यापासून मासा किती लांब आहे, हे आधी विचारून घेतलं तर केबिनमधल्या उणिवा गट हसतखेळत सोसतो. केबिन झकास आणि आठ जणांत दोन होड्या, अशी गत झाली तर दुसऱ्या दिवसापासूनच कुरबुरी सुरू होतात.

कोणता मासा धरायचा, हे गटाने सर्वांत आधी ठरवावं. ट्राउट थंड पाण्यातला. साधारण १० ते १६ अंश सेल्सिअसचं पाणी त्याला मानवतं. भर उन्हाळ्यात वरचं पाणी तापलं की तो खोल जातो आणि काठावरून टाकलेल्या गळाला सहसा लागत नाही. पाइक पाणवनस्पतींच्या कडेला दबा धरून असतो, म्हणून त्याच्यासाठी वनस्पतींचे पट्टे असलेला उथळ कोपरा जवळ हवा. वॉलआय कमी उजेडात चांगलं बघतो आणि संध्याकाळनंतर चरायला निघतो. तोच हवा असेल तर भाड्याची होडी सूर्यास्तानंतर नेऊ देतात का आणि तिला दिवे आहेत का, हे विचारायलाच हवं. कित्येक ठिकाणी अंधार पडायच्या आत होडी धक्क्याला लावावी लागते, म्हणजे नेमकी कामाची वेळ हातची जाते. कार्पवाल्या गटाला होडीपेक्षा काठ महत्त्वाचा: झाडांच्या फांद्या आड न येणारी, रात्री बसता येईल अशी मोकळी जागा.

खोल तळ्यात उन्हाळ्यात पाण्याचे थर पडतात. वर ऊबदार, खाली थंड आणि मध्ये तापमान झपाट्याने उतरणारा पट्टा. तळ्यात शेवाळ आणि गाळ भरपूर असेल तर खालच्या थरातला ऑक्सिजन कुजण्यात संपत जातो आणि मासे त्या मधल्या पट्ट्याच्या आसपासच घुटमळतात. म्हणून फोनवर ‘मासे मिळतात का?’ असं विचारू नका. त्याला ‘हो’ सोडून दुसरं उत्तर येत नाही. ‘आम्ही येतोय त्या आठवड्यात मासा किती खोलीवर असतो आणि लोक कोणतं आमिष लावतात?’ असं विचारा. उत्तर मीटरमध्ये आलं तर बोलणारा माणूस स्वतः पाण्यावर जातो असं समजायला हरकत नाही. तळ्याचा खोलीच्या रेषा दाखवणारा नकाशा मिळाला तर आणखी चांगलं. उथळ भाग एकदम खोल होतो त्या कडा, ओढे येऊन मिळतात ती तोंडं आणि बुडालेले उंचवटे धक्क्यापासून किती अंतरावर आहेत, ते त्यावर मोजून घ्या.

तळं नैसर्गिक आहे की धरणाचा जलाशय, यानेही फरक पडतो. जलाशयाची पातळी हंगामात काही मीटर उतरू शकते. मग पक्का धक्का चिखलावर उभा राहतो आणि होडी पाण्यात सोडायचा उतार पाण्याच्या आधीच संपतो. तरंगता धक्का पाण्याबरोबर खाली जातो, म्हणून तो बरा. तुम्ही जाणार त्याच महिन्यात काढलेला धक्क्याचा फोटो मागा. वेबसाइटवरचे फोटो तळं काठोकाठ भरलेलं असतानाचेच असतात.

वारा ही गोष्ट बहुतेक गट विसरतात. लाटेची उंची वाऱ्याच्या वेगावर ठरते, तशीच वारा पाण्यावरून किती अंतर मोकळा धावतो यावरही. लांबट तळं नेहमीच्या वाऱ्याच्या दिशेतच पसरलेलं असेल तर दुपारनंतर त्याच्या दूरच्या टोकाला छोटी होडी चालवणं धोक्याचं होतं. रिसॉर्ट वारा येतो त्या काठाला असावं, म्हणजे धक्क्यापाशी पाणी शांत राहतं. गंमत अशी की मासे पुष्कळदा समोरच्या काठाला जमतात, कारण वाऱ्याने ढकललेले सूक्ष्म जीव आणि त्यांच्यामागचे बारके मासे तिकडे गोळा होतात. म्हणजे सकाळी वाऱ्यासोबत सहज जायचं आणि परतताना लाटा अंगावर घेत यायचं, तेही लोक दमलेले असताना. यासाठी जवळपास बेटं किंवा अरुंद फाटे असलेलं तळं निवडा. वारा वाढला तरी आडोशाला गळ टाकून बसता येतं.

होड्यांचा हिशोब

१४ फुटी अ‍ॅल्युमिनियमच्या होडीत दोघं सुखाने मासेमारी करतात, १६ फुटीत तिघं. होडीवरच्या पट्टीवर माणसांची संख्या आणि कमाल वजन लिहिलेलं असतं, पण तो आकडा सुरक्षित तरंगण्याचा. तेवढ्या जणांनी गळाच्या काठ्या फिरवण्याचा नव्हे. आठ जणांसाठी १४ फुटी चार होड्या, किंवा १६ फुटी तीन, असा हिशोब धरा. पट्टीवरच्या वजनात सामानही मोजायचं असतं, हे विसरू नका.

मोटर किती अश्वशक्तीची, हे अंतराशी ताडून पाहा. ९.९ अश्वशक्तीच्या मोटरवर तिघं आणि सामान असलं की होडी पाण्यावर उचलली जात नाही, पाणी कापतच चालते, तासाला आठ-नऊ किलोमीटरने. चांगली जागा आठ किलोमीटरवर असेल तर जाऊन-येऊन दोन तास गेलेच. लांब जायचं असेल तर २० किंवा २५ अश्वशक्ती मागा, पण त्या होडीला तेवढी मोटर चालते का तेही पट्टीवर बघा. आणि मोटर चालवायला परवाना लागतो का, हे विचारून ठेवा.

इंधन भाड्यात धरलंय की वेगळं, आणि मोटर टू-स्ट्रोक आहे की फोर-स्ट्रोक? टू-स्ट्रोकला पेट्रोलमध्ये तेल मिसळावं लागतं. ५० भागांना १ भाग असं प्रमाण असेल तर १० लिटरला २०० मिली. बिनतेलाचं पेट्रोल गेलं तर पिस्टन जाम होतो आणि भरपाई तुमच्या गळ्यात येते. त्या मोटरचं प्रमाण रिसॉर्टकडूनच लिहून घ्या.

सगळ्यात जास्त फसवणारी वस्तू म्हणजे नांगराचा दोर. नांगर धरायला दोर खोलीच्या पाच ते सात पट सोडावा लागतो. म्हणजे ५ मीटर पाण्यात २५ ते ३५ मीटर. भाड्याच्या होडीत बहुधा याच्या निम्माही नसतो, मग नांगर तळावरून घसरत राहतो आणि मासा लागलेली जागा सुटते. दोर स्वतःचा न्या. नांगर नाळेवरून, म्हणजे पुढून टाका. मोटरीच्या बाजूने टाकला तर लाट मागून होडीत भरते. प्रत्येकाच्या मापाचं लाइफ जॅकेट, वल्ही, पाणी उपसायचं भांडं आणि चालक पडल्यास मोटर बंद करणारी दोरी, एवढं प्रत्येक होडीत हवंच. खोली दाखवणारं यंत्र नेणार असाल तर धक्क्यावर बॅटरी चार्ज करायची सोय विचारा.

स्वतःची होडी नेणाऱ्यांनी उताराची रुंदी आणि ट्रेलर ठेवायची जागा पाहावी. आधीच्या तळ्यातलं पाणी पूर्ण काढून, होडी धुऊन वाळवून न्यावी. झेब्रा शिंपल्यांसारखे उपद्रवी जीव असेच पसरतात, आणि अनेक तळ्यांवर तपासणीशिवाय होडी उतरवू देत नाहीत.

केबिनमध्ये काय बघायचं

‘आठ जणांसाठी’ याचा अर्थ बहुधा सहा पलंग आणि एक उलगडणारा सोफा. कोणत्या खोलीत किती आणि केवढे पलंग, याची यादी मागा. घोरणाऱ्यांसाठी दार बंद होणारी एक खोली असलेली बरी. १५० लिटरची गरम पाण्याची टाकी शॉवर सलग चालू ठेवला तर पंचवीस-तीस मिनिटांत थंड होते, म्हणजे माणशी जेमतेम तीन-चार मिनिटं. ओले कपडे आणि बूट वाळवायला छत असलेली जागा नसेल तर दुसऱ्या सकाळी सगळे ओलेच निघतात. गॅसवर चालणारा हीटर असेल तिथे कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे का, हे विचारायला लाजू नका.

मासे साफ करायची जागा केबिनपासून दूर, दिव्याची, वाहत्या पाण्याची आणि झाकणाच्या कचरापेटीची हवी. नाहीतर माशा येतात आणि रात्री जंगली जनावरंही. फ्रीजरचा आकार विचारा, पण त्याआधी नियम वाचा. परवाना दरडोई लागतो. रोज किती मासे धरायचे याची मर्यादा वेगळी आणि एकूण किती जवळ बाळगायचे याची वेगळी. पुष्कळ ठिकाणी दुसऱ्या मर्यादेत फ्रीजरमधले मासेही मोजले जातात, म्हणून आठवडाभराचा बेत दोन-तीन दिवसांतच ‘धरा आणि सोडा’वर येऊ शकतो. कापलेल्या माशावर जात ओळखू येईल इतकी कातडी ठेवायचा नियमही असतो. प्रत्येकाचे तुकडे नाव लिहिलेल्या वेगळ्या पिशवीत ठेवा.

पैसे भरण्यापूर्वी एकाच माणसाने बोलावं आणि ठरलेलं सगळं लेखी मागवावं: होड्यांची संख्या, मोटरी, ताबा मिळायची वेळ, दोघं गळाले तर पैसे किती परत, संध्याकाळी होडी परतली नाही तर शोधायला कोण निघतं, पाण्यावर मोबाइलला रेंज कुठवर असते. मोटरीचा पंखा दगडावर आपटला तर खर्च कोणाचा, हेही त्यातच यावं. पोहोचल्यावर होडी सोडण्याआधी प्रत्येक मोटरीच्या पंख्याचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा आणि आधीचे टवके रिसॉर्टवाल्याला तिथल्या तिथे दाखवा.