टिपरू हातातून निसटतंय? ढोलवादकांनो, या चुका टाळा

सरावाच्या पहिल्या आठवड्यात नवीन मुलं येऊन विचारतात ते बहुतेक वेळा तालाबद्दल नसतं. "दादा, हात ओला होतोय, टिपरू फिरतंय," ही तक्रार. टिपरू म्हणजे ढोल वाजवायची काठी. काही वर्षांपूर्वी विसर्जन मिरवणुकीत माझ्याच हातातून टिपरू सुटलं आणि पुढच्या रांगेतल्या मुलीच्या कानामागे लागलं. तिला टाके घालावे लागले. तेव्हापासून हाताच्या घामाची तक्रार मी हसण्यावारी नेत नाही.

तळहात आणि तळपायांवर घामाच्या ग्रंथी अंगावरच्या बाकी कुठल्याही भागापेक्षा दाट असतात. शिवाय तळहात नुसत्या उकाड्यानं घामेजत नाही, मनावरच्या ताणानंही घामेजतो. म्हणून गजर सुरू व्हायच्या आधी, नुसतं रांगेत उभं असतानाच हात ओले झालेले असतात. त्यात भाद्रपदातली दमट हवा. आलेला घाम वाळतच नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे टाल्कम पावडर. घाम आला की पावडर, हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं. पण टाल्क हा मुळातच गुळगुळीत खनिज पदार्थ. थोडा वेळ हात कोरडा वाटतो, मग पावडर आणि घामाचा लगदा होतो आणि टिपरू त्यावर साबणासारखं सरकतं. गुलालाचंही तेच. मिरवणुकीत गुलाल उधळला की तो बोटांच्या बेचक्यांत जाऊन बसतो, घामात कालवला जातो आणि मुठीत लालभडक चिखल तयार होतो. त्यावर आणखी पावडर टाकू नका. बाटलीतलं पाणी ओतून हात धुवा, सुती कापडानं टिपा, मगच टिपरू धरा. हाताला काही लावायचंच असेल तर जिमनॅस्ट आणि गिर्यारोहक वापरतात तो खडू, म्हणजे मॅग्नेशियम कार्बोनेट. तो ओल शोषतो आणि पकडही देतो. चिमूटभर पुरतो. हात पांढराफटक होईपर्यंत चोळला तर तोही सुटून सरकायला लागतो.

हात ठणठणीत कोरडा असलाच पाहिजे, हीही चुकीची समजूत. कुदळ उचलण्याआधी माणूस तळहातावर थुंकून हात का चोळतो? किंचित ओलसर कातडी लाकडाला जास्त चांगली धरते. अगदी कोरडी सरकते आणि निथळणारीही सरकते. आपल्याला घाम पूर्ण थांबवायचा नाहीये, तो साचू द्यायचा नाहीये.

साचतो कुठे, तर आवळलेल्या मुठीत. टिपरू निसटेल या भीतीनं नवा वादक ते गच्च धरतो. मुठीत हवा खेळत नाही, मनगट आखडतं, घाम वाढतो, म्हणून तो आणखी गच्च धरतो. तासाभरात अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या कातडीवर फोड येतो, कारण भिजून मऊ पडलेली कातडी घासली की लवकर सोलवटते. टिपरू अंगठा आणि पहिल्या दोन बोटांत धरा, उरलेली दोन बोटं नुसती टेकलेली ठेवा. पानावर, म्हणजे ढोलाच्या ताणलेल्या पडद्यावर, आघात होताना पकड घट्ट, टिपरू उचलताना सैल. ढोल थांबून नुसता ताशा वाजत असेल तेव्हा मूठ पूर्ण उघडून तळहाताला हवा लागू द्या. एवढ्या एका सवयीनं निम्म्या मुलांची तक्रार मिटलेली मी पाहिली आहे.

पट्टीच्या बाबतीत दोन चुका होतात. पहिली, घामेजल्या हातावर पट्टी गुंडाळणं. ती चिकटत नाही, दोन वळणांतच गोळा होते आणि तो गोळाच बोट कापतो. हात धुऊन, पूर्ण वाळल्यावर, वाजवायच्या आधी सुती चिकटपट्टी लावा. जिथे घासतं तिथेच लावा, सांधे मोकळे ठेवा. बोटाचं टोक निळसर पडलं किंवा मुंग्या आल्या तर पट्टी लगेच सोडा. दुसरी चूक टिपरूवर वायरमनची प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळायची. ती घामाचा थेंबही शोषत नाही. त्याऐवजी बॅडमिंटनच्या रॅकेटला लावतात ती टॉवेलची ग्रिप लावा आणि ती भिजून जड झाली की बदला.

हात कुर्त्याला पुसू नका. बहुतेक पथकांचे कुर्ते मिश्र धाग्याचे असतात, त्यानं घाम नुसता पसरतो. कमरेला सुती पंचाचा तुकडा खोचा, पिशवीत दुसरा कोरडा ठेवा. वाजवण्याआधी क्रीम नको. सॅनिटायझरनं क्षणभर हात कोरडा होतो, पण सोललेल्या जागी आग होते.

आता ज्या चुकीची मला खरी काळजी वाटते ती. घाम कमी यावा म्हणून पाणी न पिणं. मुली तर स्वच्छतागृह मिळणार नाही म्हणून सकाळपासून पाणी टाळतात. पुण्यातली विसर्जन मिरवणूक चोवीस तासांहून जास्त चालते आणि पथकाला आपला नंबर येईपर्यंत तासन्‌तास उभं राहावं लागतं. पाणी तोडल्यानं तळहाताचा घाम थांबत नाही, चक्कर मात्र येते. मार्गावरची स्वच्छतागृहं आधीच हेरून ठेवणं, जवळच्या एखाद्या घराशी बोलून ठेवणं हे पथकप्रमुखाचं काम आहे. ते झालेलं नसेल तर मुलींनी बेधडक विचारावं. घोटघोट पाणी, आणि मध्ये एकदा पाकिटावर लिहिलेल्या मापात कालवलेलं ओआरएस.

काही जणांचे हात घरी शांत बसलेले असतानाही टपटपतात, वहीचा कागद भिजतो. हा पकडीचा दोष नाही, त्यावर त्वचारोगतज्ज्ञांकडे उपचार आहेत. अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडचं औषध ते देतात, ते रात्री झोपताना कोरड्या, न सोललेल्या हाताला लावायचं असतं. पाण्यातून सौम्य वीजप्रवाह देण्याचा उपचारही असतो. त्याला बऱ्याच बैठका लागतात, म्हणून गणपतीच्या आदल्या आठवड्यात नव्हे, सराव सुरू होतानाच जा. तुरटीच्या पाण्यात हात बुडवण्याचा घरगुती उपाय थोडा वेळ साथ देतो, पण फोड फुटलेला असताना तो करू नका.

वाजवून झाल्यावर पट्टी ओढून काढू नका, आधी कोमट पाण्यात भिजवा. गुलाल नखांच्या कडांतून काढा, हात पुसा, मग खोबरेल तेल लावा. तेल रात्रीच. सकाळी सरावाला निघताना नको.