जोडीदाराला डिमेन्शिया झालाय? पुढची सोय करताना या चुका टाळा

निदान झाल्यावरचे पहिले काही महिने औषधं, स्कॅन आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेण्यात निघून जातात. पण नेमक्या याच काळात यजमान किंवा पत्नी आपली इच्छा स्वतः सांगू शकतात आणि त्यांच्या सहीला कायद्यात किंमत असते. ‘इतक्यात कशाला तो विषय?’ म्हणून हा काळ घालवू नका.

सगळ्यात जास्त घरं अडतात ती कुलमुखत्यारपत्रावर, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार दुसऱ्याला देणाऱ्या कागदावर (पॉवर ऑफ अटर्नी). मुलं अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये असली, तर तिथल्या पद्धतीवरून ती हाच उपाय सुचवतात. तिकडे माणसाची समज गेल्यानंतरही चालणारं मुखत्यारपत्र करता येतं, आपल्याकडे मात्र ती सोय नाही. भारतीय करार कायद्याच्या कलम २०१ नुसार, अधिकार देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की मुखत्यारी संपते. म्हणजे तिची खरी गरज लागते तेव्हाच ती कामाची राहत नाही.

‘सगळीकडे नॉमिनी लावलाय’ हा दुसरा गैरसमज. नॉमिनेशन मृत्यूनंतर उपयोगी पडतं. माणूस हयात आहे, पण त्याला सही करता येत नाही, अशा वर्षांत ते काहीच कामाचं नाही. एकट्याच्या नावावरची बचत खाती आणि ठेवी आत्ताच दोघांच्या नावावर, ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असणारा’ पद्धतीने करून घ्या. तरीही ठेव मुदतीआधी मोडायची वेळ आली तर बँक दोघांच्या सह्या मागू शकते. हा मुद्दा बँकेत जाऊन स्पष्ट विचारा आणि लागेल ते संमतिपत्र आधीच देऊन ठेवा.

निदान झालं म्हणजे सहीचा अधिकार लगेच संपला, असंही समजू नका. आपण काय करतो आहोत हे त्या वेळी समजत असेल, तर सुरुवातीच्या टप्प्यात मृत्युपत्र करता येतं. त्याच दिवसाचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा, दोन साक्षीदार घ्या आणि जमल्यास नोंदणी करा. उलट, समज गेल्यावर हात धरून अंगठा उठवून घेण्याचा मार्ग नातेवाईक सुचवतील, तो कटाक्षाने टाळा. असा दस्त न्यायालयात टिकत नाही, आणि ज्या माणसाला विरोधही करता येत नाही त्याच्यावर तो अन्याय आहे.

एका चुकीकडे मात्र जवळजवळ कोणाचंच लक्ष जात नाही, ती म्हणजे सांभाळणाऱ्याचं स्वतःचं मृत्युपत्र. कित्येक वर्षांपूर्वी दोघांनी ‘माझं सगळं तुला’ असं लिहिलेलं असतं. आता तुम्ही आधी गेलात, तर सगळं अशा माणसाच्या नावावर जाईल ज्याला चेक लिहिता येत नाही. ते बदला. वकिलाला विचारून जोडीदाराच्या देखभालीसाठी खाजगी न्यास (ट्रस्ट) करता येईल का ते पाहा आणि तो चालवणारा विश्वासू माणूस नेमा. तुम्ही स्वतः आठवडाभर रुग्णालयात असाल तर घरी रात्री कोण राहील, हेही नाव घेऊन ठरवा. ‘मुलं बघतील’ हे उत्तर पुरेसं नाही. कोणता मुलगा, कोणती मुलगी, आणि ती येईपर्यंत कोण, हे लिहून ठेवा.

उपचारांबद्दल त्यांना स्वतःला विचारा. नळीने अन्न चालेल का? शेवटी घरी राहायचंय की रुग्णालयात? मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ खाली मानसिक उपचारांबाबत प्रतिनिधी नेमता येतो. अखेरच्या उपचारांसाठीचं इच्छापत्र २०२३ पासून सोपं झालंय : दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी.

वेळ आधीच निघून गेली असेल तर? मग उच्च न्यायालयात घटनेच्या कलम २२६ खाली याचिका करून जोडीदाराचे पालक (गार्डियन) म्हणून नेमणूक मागावी लागते, कारण २०१७ च्या कायद्यात मालमत्तेसाठी पालक नेमण्याची तरतूद नाही. मुंबई उच्च न्यायालयाने अशा नेमणुका केल्या आहेत. न्यायालय सहसा वैद्यकीय तपासणीचा अहवाल मागवतं, म्हणून निदानाचे सगळे कागद तारीखवार लावा, आणि मुलांची लेखी संमती वकिलाकडे जाण्याआधीच घेऊन ठेवा.