चर्चचं लॅटिन शिकताना: आधी शब्दाचं शेपूट बघा

माझ्या पहिल्या परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत एकाच शब्दाभोवती लाल गोल होता. शब्द होता 'दोकुइस्ती', आणि बाजूला समासात लिहिलं होतं, 'कर्ता कोण?'

आधी न पाहिलेल्या एका प्रार्थनेचं भाषांतर करायचं होतं. वाक्य असं: 'देउस, क्वी कोर्दा फिदेलिउम सांक्ती स्पिरितुस इलुस्त्रात्सिओने दोकुइस्ती.' मी लिहिलं, 'पवित्र आत्मा श्रद्धावंतांची अंतःकरणं उजळतो आणि त्यांना शिकवतो.' वाचायला छान, भाविक, पण चूक. या वाक्यात शिकवणारा पवित्र आत्मा नाहीच. 'इस्ती' हा प्रत्यय म्हणजे 'तू', आणि क्रिया होऊन गेलेली. ज्याला सुरुवातीला 'देउस' म्हणून हाक मारली, तो देव शिकवणारा. 'सांक्ती स्पिरितुस' ही षष्ठी, 'इलुस्त्रात्सिओने' म्हणजे 'प्रकाशाने'. म्हणजे 'हे देवा, पवित्र आत्म्याच्या प्रकाशाने तू श्रद्धावंतांच्या अंतःकरणांना शिकवण दिलीस'. मी ओळखीचे शब्द वेचले, त्यांच्यातून चर्चमध्ये शोभेलसं एक वाक्य मनाने जुळवलं आणि त्यालाच भाषांतर म्हटलं.

तेव्हा मला 'पातेर नोस्तेर', 'ग्लोरिआ', 'क्रेदो', 'साल्वे रेजिना' या लॅटिन प्रार्थना सगळ्या तोंडपाठ होत्या. बरीच वर्षं गायनवृंदात गायले होते आणि कुठल्याही ओळीचा अर्थ सांगू शकत होते. त्यामुळे निम्मं लॅटिन येतंच, थोडं व्याकरण पक्कं केलं की झालं, अशी माझी समजूत होती. खरं तर मला लॅटिनचे आवाज पाठ होते आणि मराठी अर्थ पाठ होते. दोन्हींना जोडणारं मधलं काहीच नव्हतं.

हे इतकं लांबवून सांगते, कारण चर्चच्या वाटेने लॅटिनकडे येणारे बहुतेक जण इथेच अडकतात. ज्युलियस सीझरचं लिखाण वाचायला बसलेल्या विद्यार्थ्याला पुढे काय लिहिलंय ते ठाऊक नसतं, म्हणून त्याला शब्दाचं शेपूट, म्हणजे शेवटचा प्रत्यय, बघावंच लागतं. आपल्याला अर्थ आधीच ठाऊक असतो, त्यामुळे डोळा शेपटापर्यंत जातच नाही.

मिस्सातल्या, म्हणजे कॅथलिकांच्या मुख्य उपासनेतल्या, 'सांक्तुस' या स्तोत्राचीच ओळ घ्या. 'प्लेनी सुंत चेली एत तेर्रा ग्लोरिआ तुआ.' स्वर्ग आणि पृथ्वी तुझ्या गौरवाने भरली आहेत. आता सांगा, 'ग्लोरिआ'ची विभक्ती कोणती? कितीतरी वर्षं मी ती प्रथमाच धरून चालले होते, कारण 'ग्लोरिआ इन एक्सेल्सिस देओ'त हाच शब्द प्रथमेत येतो आणि दिसायला दोन्ही सारखे. पण इथे ती 'आब्लातिवुस' आहे, म्हणजे 'गौरवाने'मधला 'ने' दाखवणारी लॅटिन विभक्ती. मूळ लॅटिनमध्ये तिचा शेवटचा स्वर दीर्घ असतो. मिस्साग्रंथात मात्र ऱ्हस्व-दीर्घाच्या खुणा छापत नाहीत आणि गाताना फरक कानावर येत नाही. मग ओळखायचं कसं? आधी क्रियापद बघायचं. 'सुंत' अनेकवचनी आहे, म्हणजे कर्ता अनेकवचनी हवा. 'प्लेनी' पुल्लिंगी अनेकवचनी. 'चेली एत तेर्रा' या दोघांनी कर्त्याची जागा भरली. 'प्लेनी' म्हणजे भरलेले, आणि भरलेले म्हटलं की 'कशाने?' हा प्रश्न आलाच. त्याचं उत्तर 'ग्लोरिआ तुआ'. 'तेर्रा' आणि 'ग्लोरिआ' शेजारी शेजारी बसलेत, दोघांचं शेपूट एकच, आणि एक प्रथमा तर दुसरी नाही. मी हे कागदावर पहिल्यांदा मांडलं तेव्हा बराच वेळ त्या ओळीकडे बघत बसले होते. इतकी वर्षं गायलेली ओळ तोवर मी वाचलीच नव्हती.

तिसरं 'आ'कारान्त शेपूट त्याहून फसवं. परीक्षेतल्या वाक्यातलं 'कोर्दा' दिसतं स्त्रीलिंगी एकवचन, पण ते नपुंसकलिंगी अनेकवचन आहे, आणि नपुंसकात प्रथमा-द्वितीया सारख्याच. संस्कृत केलेल्यांना 'फलानि' आठवेल. त्याच प्रार्थनेत पुढे 'रेक्ता सापेरे' येतं, तिथेही तेच. म्हणून 'आ' दिसला की थांबा. पहिली चार नामं आणि 'रोसा, रोसे' ही रूपं पाठ करून पुढे पळू नका.

संस्कृतचा उपयोग होतो का, असं सगळेच विचारतात. खूप होतो. विभक्ती म्हणजे काय हे आपल्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही. फक्त संस्कृतातल्या आठ खणांत लॅटिनला बसवू नका. इथली एकटी आब्लातिवुस तृतीया, पंचमी आणि सप्तमी अशा तिघींचं बरंचसं काम करते. ती कुठलं काम करतेय हे प्रत्येक वेळी वाक्यालाच विचारावं लागतं. संस्कृतातली सतिसप्तमी ('अमुक होत असता' सांगणारी सप्तमीची रचना) ज्यांना आवडायची त्यांना मात्र लॅटिनमध्ये माहेर भेटेल. त्याबद्दल पुढे.

आता कुणी म्हणेल, एवढं प्रत्ययांचं कशाला? मिस्सा तर लोकभाषेत होतो. होतो, आणि व्हायलाच हवा. पण १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, उपासनाविधीबद्दलचा जो दस्तऐवज मंजूर केला, त्याच्या ३६व्या कलमात लॅटिन विधींमध्ये लॅटिनचा वापर जपला जावा असं स्पष्ट लिहिलंय, आणि त्याच कलमाने लोकभाषांना दार उघडलंय. ५४वं कलम तर म्हणतं, की मिस्सातले लोकांच्या वाट्याचे भाग लोकांना लॅटिनमध्येही म्हणता-गाता यावेत. 'परिषदेने लॅटिन बंद केलं' हे वाक्य मी दोन्ही बाजूंच्या तोंडून ऐकलंय, एकीकडून आनंदाने आणि दुसरीकडून रागाने. दोघांनीही ती कलमं उघडून पाहिलेली नसतात. १९८३च्या चर्च कायद्याचं २४९वं कलम तर सेमिनरीतल्या, म्हणजे धर्मगुरू होण्यासाठी शिकणाऱ्या, विद्यार्थ्यांना लॅटिन नीट समजलं पाहिजे असं आजही सांगतं.

आणखी महत्त्वाची गोष्ट अशी, की रोमन मिस्साग्रंथाचा प्रमाण पाठ लॅटिनमध्येच असतो. तिसरी प्रमाण आवृत्ती २००२ची. जगभरची भाषांतरं त्या पाठावरून होतात आणि वाद झाला की तिथेच परत येतात. ख्रिस्ताचं रक्त कुणासाठी सांडलं हे मिस्सात सांगणाऱ्या 'प्रो मुल्तिस' या दोन शब्दांवरून किती घुसळण झाली! अर्थ 'पुष्कळांसाठी'. इंग्रजीत आणि इतर काही भाषांत बरीच वर्षं 'सर्वांसाठी' असं म्हटलं जायचं. २००६ साली रोमहून पत्र निघालं की शब्दाला धरून भाषांतर करा, आणि २०११च्या इंग्रजी मिस्साग्रंथात ते बदललं. ख्रिस्त सर्वांसाठी मेला ही श्रद्धा त्या पत्रानेही ठामपणे सांगितलीच होती. मुद्दा होता तो समोरच्या शब्दाशी प्रामाणिक राहण्याचा. माझ्या लाल गोलाचा मुद्दाही तोच होता.

आणि हे सगळं फक्त ग्रंथात नाही. ११ फेब्रुवारी २०१३ला सोळाव्या बेनेडिक्ट पोपनी आपलं पद सोडण्याची घोषणा लॅटिनमध्ये केली. ती ऐकून ज्यांनी जगाला सर्वांत आधी बातमी दिली, त्या इटालियन वृत्तसंस्थेच्या पत्रकार होत्या आणि त्यांना लॅटिन कळत होतं. नव्या पोपचं नाव सज्जातून जाहीर होतं त्यातही विभक्तीच असते. २००५ला 'बेनेदिक्ती' अशी षष्ठी होती, २०१३ला 'फ्रान्चिस्कुम' अशी द्वितीया. दोन्ही रचना चालतात. मला हे कळलं तेव्हा मी दोन्ही घोषणा लागोपाठ पुन्हा पुन्हा ऐकल्या.

उच्चारांवरून भांडू नका. चर्चच्या रोमन पद्धतीत 'चेली', शास्त्रीय पद्धतीत 'काएली'. प्रार्थना आणि गायन करणार असाल तर रोमन घ्या. दोन दिवसांत जमतं. पहिले दोन महिने फक्त उच्चार घोटून घेणारा शिक्षक मिळाला तर शिक्षक बदला. माझे ते दोन महिने असेच गेले.

जवळचे रस्ते. डावीकडे लॅटिन आणि उजवीकडे भाषांतर अशी पुस्तकं प्रार्थनेसाठी उत्तम, अभ्यासासाठी घातक. मी तर म्हणेन, पहिलं वर्षभर त्यांना हातच लावू नका. डोळा उजवीकडे सरकतोच, कितीही ठरवलं तरी. यंत्राने केलेलं भाषांतर त्याहून वाईट, कारण ते माझ्यासारखंच करतं: ओळखीच्या प्रार्थनांचा ओळखीचा अर्थ फेकतं, आणि तुम्हाला वाटतं आपल्याला कळलं. 'वाचत राहा, व्याकरण आपोआप येईल' असं मला एका जाणकार माणसाने सांगितलं होतं. त्यांचा हेतू चांगला होता, पण माझं वर्ष गेलं. उलट टोकही तितकंच वाईट, नुसते तक्ते घोकणं. रेजिनल्ड फॉस्टर या कार्मेलाइट संघातल्या अमेरिकन धर्मगुरूंनी पोपच्या लॅटिन कार्यालयात सुमारे ४० वर्षं काम केलं आणि रोममध्ये असंख्य विद्यार्थ्यांना शिकवलं. ते तक्ते पाठ करायला लावत नसत, पहिल्या दिवसापासून खरा मजकूर पुढ्यात टाकत आणि शेपटांवरून प्रश्नांचा मारा करत. मला मार्गदर्शक निवडायचा तर मी एवढंच बघेन, की तो अर्थ विचारतो की 'हा प्रत्यय कसला?' असं विचारतो. अर्थ विचारणारा प्रेमळ असतो, पण तो तुम्हाला अंदाज बांधायला शिकवतो.

एक सावधगिरी. लॅटिनच्या प्रेमात पडलात की काही लोक सांगतील, हीच खरी, पवित्र, मूळची भाषा. तसं नाही. रोममधल्या ख्रिस्ती लोकांची उपासना सुरुवातीच्या काळात ग्रीकमध्ये होती, लॅटिन नंतर आलं. 'किरिए एलेइसोन' अजून ग्रीकच आहे, 'आमेन' आणि 'आलेलुया' हिब्रू. पौर्वात्य कॅथलिक चर्चेस सीरियाक, ग्रीक अशा आपापल्या परंपरांत प्रार्थना करतात आणि तितक्याच कॅथलिक असतात. लॅटिन हे पश्चिमेकडच्या चर्चचं घर आहे. घरावर माया करा, त्याचा झेंडा करू नका. या भांडणात अडकून अभ्यास सोडलेले दोन चांगले विद्यार्थी मी पाहिलेत.

घाबरलात का? मी परीक्षेनंतर आठवडाभर वही उघडली नव्हती, म्हणून विचारते. तर ऐका, प्रार्थनांचं लॅटिन हे सिसेरो या प्राचीन रोमन वक्त्याचं अवघड लॅटिन नव्हे. मिस्साच्या सुरुवातीच्या प्रार्थना बहुधा एकाच साच्यातल्या असतात: देवाला हाक, 'क्वी'ने सुरू होणारं त्याच्या कृतीचं स्मरण, एक मागणं, 'उत'ने सुरू होणारा त्या मागण्याचा हेतू, आणि शेवटी ख्रिस्ताच्या नावाने समाप्ती. दर वेळी सगळे भाग असतीलच असं नाही, पण साचा ओळखीचा होतो. शब्दसंपदा लहान आहे, तेच शब्द पुन्हा पुन्हा येतात. मी रोज एकच प्रार्थना एक ओळ सोडून हाताने लिहायचे. आधी क्रियापदाखाली रेघ, त्याच्या शेपटावरून कर्ता, मग एकेका नामावर विभक्तीचा आकडा, आणि हे सगळं झाल्याशिवाय मराठीत एक शब्दही नाही. पहिली प्रार्थना सोडवायला पाऊण तास लागला. चौथ्या महिन्यात दहा मिनिटं लागत होती, तीही शब्दकोश न उघडता.

सुरुवात देवदूताच्या वंदनेनंतरच्या प्रार्थनेने करा. तीच आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या काळाच्या, चौथ्या रविवारीही असते. 'ग्रात्सिआम तुआम, क्वेसुमुस, दोमिने, मेंतिबुस नोस्त्रिस इन्फुन्दे.' क्रियापद 'इन्फुन्दे', आज्ञार्थ, 'ओत'. काय ओत? 'ग्रात्सिआम तुआम', तुझी कृपा, द्वितीया. कुठे? 'मेंतिबुस नोस्त्रिस', आमच्या मनांत, आणि लॅटिनमध्ये ती चतुर्थी. पुढे 'आंजेलो नुन्त्सिआन्ते' येतं. हीच ती सतिसप्तमीची बहीण: 'देवदूत सांगत असता'. दोन शब्दांत आख्खा प्रसंग, आणि मराठीच्या 'असता'त तो जसाच्या तसा बसतो. शेवटी आहे 'आद रेसुर्रेक्त्सिओनिस ग्लोरिआम पेर्दुकामुर'. ही 'ग्लोरिआ' तिसऱ्या रूपात आली, या वेळी शेपटाला 'म' लागलाय, म्हणून ती लपत नाही. 'पेर्दुकामुर' मी सोडवून देत नाही. त्याचं 'मुर' बघा, करणारे आपण आहोत की आपल्याला कुणी नेतंय ते ठरवा, आणि मगच भाषांतर लिहायला घ्या.