आज काय लिहिलं?

बालवाडी सुटली की फाटकाशी रोज हाच प्रश्न ऐकू येतो. आई विचारते, आजोबा विचारतात, कधीकधी रिक्षावाले काकाही विचारतात. मूल बिचारं हाताची माती दाखवतं. मी धुळ्यात छोट्या गटाची ताई आहे, चौदा वर्षं झाली. नवी ताई रुजू झाली की मी तिला आधी हेच सांगते, मुलांचं काही नाही गं, ती दिवाळीपर्यंत रुळतात. हा प्रश्न पचवायला शिक.

मला तो पचला नव्हता. पहिली नोकरी ज्या शाळेत होती तिथं दिवाळीआधी मुळाक्षरं ‘संपवायची’ असत. साडेतीन वर्षांच्या पोरांकडून मी पानंच्या पानं गिरवून घ्यायचे आणि वह्या बघून पालक खूश व्हायचे. एका मुलीचं रोज सकाळी पोट दुखायचं. रविवारी नाही दुखायचं. तिच्या आईनं हे गंमत म्हणून सांगितलं होतं.

पुढे प्रशिक्षणात हाताच्या हाडांचं चित्र पाहिलं तेव्हा उलगडा झाला. मनगटात ८ छोटी हाडं असतात. जन्मताना ती नुसती कूर्चा असते, म्हणजे कानाच्या पाळीसारखी मऊ, लवचिक. हाड हळूहळू तयार होतं. तीन-चार वर्षांच्या मुलाच्या एक्स-रेत त्या आठांतली जेमतेम तीन-चार दिसतात. अशा मनगटाला मी चार रेघांच्या वहीत ‘क’ बसवायला लावत होते! आता मी पेन्सिल उशिरा काढते. आधी बादलीभर पाणी आणि रंगाऱ्याचा रुंद ब्रश देते, मुलं अंगणातली भिंत ‘रंगवतात’. त्यात खांदा फिरतो, कोपर फिरतं. मग मातीचे गोळे, मग कागद फाडणं, मग चिमटीनं चिंचोके उचलून बाटलीत टाकणं. अक्षरांची वेळ येते तेव्हाही क-ख-गच्या रांगेनं जात नाही. आपल्याकडचं जुनं ‘गमभन’ काही उगाच नाही, ती अक्षरं वळणानं एकमेकींच्या जवळची आहेत.

हाताइतकंच काम कानाचं असतं आणि ते वहीत कुठंच दिसत नाही. का-व-ळा म्हणत तीन टाळ्या वाजवायच्या, स्वतःच्या नावाला किती टाळ्या ते शोधायचं, ‘म’नं सुरू होणाऱ्या वस्तू डब्यातून काढायच्या. शब्दाचे तुकडे कानाला कळले की पुढे वाचन सोपं जातं. दहा-पंधरा मिनिटांत खेळ बदला, नाहीतर सतरंजीवर मारामारी ठरलेली.

कानाचीच एक फजिती सांगते. मी मूळची नाशिकची, घरी ‘पुस्तकी’ मराठी. दुसऱ्या वर्षी एक मुलगा तीन आठवडे अवाक्षर बोलला नाही. मी नोंदवहीत लिहिलं, ‘प्रतिसाद नाही, समज कमी वाटते.’ एक दिवस आमच्या मदतनीस मावशी त्याच्याजवळ बसल्या आणि सहज म्हणाल्या, “काय व्हयनं रे?” तो ताडकन म्हणाला, “माले भूक लागनी.” त्याची समज उत्तम होती, त्याच्या घरी अहिराणी होती. नोंदवहीतलं ते वाक्य मी खोडलं नाही, अजून आहे तसंच ठेवलंय. तुम्ही ज्या गावात रुजू व्हाल तिथली बोली आधी शिका. निदान भूक, शू, दुखतंय, घरी जायचंय, एवढे शब्द तरी. मुलाचं वाक्य सुधारत बसू नका. त्याच्या भाषेत ऐका, तुमच्या भाषेत उत्तर द्या. हळूहळू दोन्ही त्याला येऊ लागतात.

आकड्यांचं थोडक्यात सांगते. वीसपर्यंत घडाघडा म्हणणाऱ्या मुलापुढे सात बिया ठेवा. एका बीवर दोनदा बोट ठेवून तो आठ म्हणेल. म्हणणं आणि मोजणं निराळं. छोट्या गटात पाचापर्यंत नीट मोजता आलं तरी मला पुरतं. एकोणीस-एकोणतीस मोठ्यांनाही अडखळवतात, त्याची घाई कशाला?

आता घर. ‘घरी काय घेऊ?’ असं पालक विचारतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे तक्ते असतात, टॅब असतो. मी सांगते, काही घेऊ नका, कामाला लावा. मटार सोलायला द्या. भुईमुगाच्या शेंगा फोडू द्या. धुतलेल्या मोज्यांच्या जोड्या लावू द्या. जेवायला किती माणसं, तितकी ताटं मांडू द्या, हेच गणित. कणकेचा एक गोळा त्याच्या वाटणीचा ठेवा. आणि हे चालू असताना बोला. ‘शेंग रिकामी निघाली, दाणा कुठं गेला असेल?’ एवढं विचारलं तरी पाच मिनिटं गप्पा होतात. मोबाइलवर कविता पाठ होतात, हे खरं. पण मूल मध्येच ‘का?’ म्हणालं तर मोबाइल थांबत नाही.

हे नुसतं सांगून पटत नाही. म्हणून मी फाटकावर रोज चार पालकांना एकेक वाक्य सांगते. ‘हुशार आहे’, ‘मस्ती करते’ असली वाक्यं बाद. जे पाहिलं तेच सांगायचं. ‘आज तिनं ठोकळ्यांचा पूल केला, पडला तर खाली रुंद ठोकळा घातला.’ त्यासाठी खिशात छोटी वही ठेवा, दुपारपर्यंत हमखास विसरायला होतं. दोन-तीन महिन्यांत काही आया ‘आज काय केलं?’ असं विचारू लागतात. सगळ्या नाही.

घर आणि शाळा जोडण्याचं हे काम महाराष्ट्रात नवं नाही. बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९४५ पासून डहाणूजवळच्या बोर्डीला आणि १९५७ पासून तिथल्याच कोसबाडला काम करत होत्या. मुलं शाळेत येत नाहीत तर आपण त्यांच्या अंगणात जाऊ, यातून अंगणवाडी आली. मुलं गुरं घेऊन रानात जातात म्हणून मागोमाग शाळा तिकडे गेली, ती कुरणशाळा. सरकारची अंगणवाडी योजना सुरू झाली त्यानंतर, २ ऑक्टोबर १९७५ ला. नव्या ताईंना हे मी मुद्दाम सांगते, कारण ‘काय, पोरंच तर सांभाळता’ हे वाक्य त्यांना नातेवाइकांकडून ऐकावं लागणार असतं. पगारही त्याच समजुतीनं ठरतो, विशेषतः खासगी बालवाड्यांत. रुजू होण्याआधी सुट्टीतला पगार मिळतो का, हे नक्की विचारा. मी विचारलं नव्हतं.

जुलैच्या पालकसभेत मी भाषण देत नाही. प्रत्येकाला चार रेघांचा कागद देते आणि डाव्या हातानं स्वतःचं पूर्ण नाव लिहायला सांगते, रेघेच्या बाहेर न जाता, दोन मिनिटांत. डावखुऱ्यांनी उजव्या हातानं. मी मुद्दाम मधून फिरते आणि ‘लवकर, लवकर, शेजारच्यांचं झालं बघा’ म्हणते. गेल्या वर्षी एका आजोबांनी जीभ बाहेर काढून आडनावापर्यंत मजल मारली, मग कागद उलटा घातला आणि म्हणाले, “बाई, माझं पोट दुखतंय.”