भूशास्त्राची फील्ड टूर: या चुका टाळा

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची मुलं फील्डवर अडखळली की "यांचं बेसिकच कच्चं आहे" म्हणून मोकळं होणं सोपं असतं. बहुतेक वेळा कच्ची असते ती विभागाची आखणी, आणि ती निघण्याआधीच्या पंधरा दिवसांत सुधारता येते.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे क्लिनोमीटर कंपास (थरांची दिशा आणि कल मोजायचं होकायंत्र) पहिल्यांदा फील्डवरच हातात देणं. पश्चिम महाराष्ट्रात तर ती जास्तच नडते. डेक्कन ट्रॅपचे, म्हणजे इथल्या बेसॉल्ट खडकाचे, लाव्हा प्रवाह जवळजवळ आडवे, त्यांची डिप (आडव्या पातळीपासून थर किती कललाय तो कोन) मोजायला लावली की मुलं आकडे रचतात. कलते थर बघायचे तर कलादगीच्या खडकांकडे, कर्नाटकात बागलकोटच्या बाजूला जावं लागतं, आणि तिथे पोहोचल्यावर कंपास धरायला शिकवत बसलात तर पहिला दिवस त्यातच गेला. त्यापेक्षा कॉलेजच्या मैदानात प्लायवूडचे सहा तुकडे विटांच्या आधाराने वेगवेगळ्या कोनांत ठेवा आणि उत्तरं आधी स्वतः मोजून घ्या. प्रत्येकाने सहाही मोजायचे. डिपमध्ये २ अंश, स्ट्राइकमध्ये (थरावरच्या आडव्या रेषेची दिशा) ५ अंश इकडेतिकडे चालेल. जास्त चुकलं तर पुन्हा. लॅबमधल्या लोखंडी बाकांवर हा खेळ मांडू नका, सुई भलतीकडेच बघेल.

फील्डवर एकाच थराची स्ट्राइक तिघांची तीन आली तर आधी हातोडा दोन मीटर लांब ठेवायला सांगा आणि शर्टाच्या खिशातला मोबाइल काढायला लावा. तरी जुळत नसेल तर अ आणि ब अशा दोन जागा ठरवून अ वरून ब चं बेअरिंग (कंपासवरची दिशा) घ्या, मग ब वरून अ चं. दोन्हींत १८० अंशांचा फरक यायला हवा. येत नसेल तर खडकच सुई ओढतोय. बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असतं.

ट्रॅपमधल्या चुका वेगळ्या. घाटातल्या कटिंगमध्ये वरचा सच्छिद्र भाग आणि खालचा घट्ट भाग पाहून मुलं दोन फ्लो (लाव्हा प्रवाह) मोजतात, पण ते एकाच प्रवाहाचे माथा आणि गाभा असू शकतात. मध्ये रेड बोल, म्हणजे दोन प्रवाहांमधला लाल मातकट थर, दिसतो का, वरच्या भागाच्या तळाशी उभ्या नळ्यांसारखे पाइप अमिग्ड्यूल (खनिजाने भरलेल्या वायूच्या पोकळ्या) आहेत का, हे विचारा. कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले गोटे दिसले की कुणीतरी हमखास "पिलो लाव्हा!" (पाण्यात थिजलेला उशीच्या आकाराचा लाव्हा) ओरडतं. ती बहुधा झीज असते. पिलोला बाहेरून काचेसारखी साल लागते. पोकळीतल्या पांढऱ्या खनिजावर हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब टाका: फसफसलं तर कॅल्साइट, नाही तर झिओलाइट (ट्रॅपच्या पोकळ्यांत सापडणारा खनिजांचा गट) असण्याची शक्यता. आम्ल एक भाग, पाणी नऊ भाग. आणि आम्ल पाण्यात घालायचं, पाणी आम्लात नाही.

गट तिघांचा ठेवा. हातोडा, कंपास, नोंदवही ही कामं प्रत्येक आउटक्रॉपला (उघडा पडलेला खडक) फिरली पाहिजेत. नाहीतर एकच मुलगा चार दिवस दगड फोडतो आणि सुंदर अक्षराची मुलगी चार दिवस लिहीत बसते. तोंडी परीक्षेत दोघंही अडकतात.

दुपारी मुलींना चक्कर येते ती नुसत्या उन्हाने नाही. स्वच्छतागृह कुठे मिळेल हे माहीत नसलं की त्या सकाळपासून पाणीच पीत नाहीत. दर दोन-अडीच तासांनी थांबायची ठिकाणं आधी पाहून ठेवा आणि यादी आदल्या रात्री सगळ्यांना द्या. सॅनिटरी पॅड प्रथमोपचार पेटीत असू द्या, मागायला लागू नयेत. टूरचा खर्चही सत्राच्या सुरुवातीलाच सांगा आणि हप्त्याने घ्या. आठवडाभर आधी रक्कम कळली की काही जण "घरी लग्न आहे" सांगून गळतात.

नमुन्यांची गडबड छोटी, पण रिपोर्ट बुडवणारी. ओल्या बेसॉल्टवर मार्करचा नंबर टिकत नाही. दगड पुसा, मेडिकलच्या चिकटपट्टीचा तुकडा लावा, त्यावर पेन्सिलीने नंबर लिहा. तोच नंबर पिशवीतल्या चिठ्ठीवर आणि वहीत.

गुण द्यायचे ते वहीला, परतल्यावर सजवलेल्या जर्नलला नाही. मागच्या बॅचची चूकसुद्धा तशीच उतरलेली जर्नलं आपण सगळ्यांनीच तपासली आहेत. रोज जेवणाआधी ४५ मिनिटं वह्या मांडून बसा: स्केचला स्केल आहे का, दिशेचा बाण आहे का. राहिलेलं दुसऱ्या दिवशी सकाळी, बस पुढच्या ठिकाणी निघायच्या आत, त्याच आउटक्रॉपवर परत नेऊन भरून घ्या.